पाच मीटरची वायर

माझ्या मावसभावाच्या स्टुडिओत फोटो काढून घ्यायला आलेल्या माणसापेक्षा त्याच्याबरोबर आलेली माणसंच जास्त बोलतात. वेळापुरातलं छोटं दुकान. पुढच्या बाजूला झेरॉक्स आणि लॅमिनेशन, आतल्या खोलीत निळा पडदा, दोन सॉफ्टबॉक्स, एक फिरतं स्टूल आणि भिंतीला लागून लाकडी बाक. बाकासमोर टेबल, टेबलावर संगणक. कॅमेरा ट्रायपॉडवर. त्याच्या डाव्या कुशीतून निघालेली काळी वायर फरशीवरून, पायपुसण्याखालून, टेबलाच्या पायाला एक वेढा घालून संगणकाच्या पाठीत शिरते. भाऊ बटण दाबतो, लख्ख उजेड पडतो आणि त्यानं मान वळवायच्या आत बाकावरून निकाल येतो. "डोळं झाकलं." "मान वाकडी झाली की रं." "पदर सारखा कर गं, खांद्यावरनं घसरलाय."

मी सुट्टीत गेलो की त्याच बाकावर बसतो आणि हळूहळू मीही निकाल द्यायला लागतो. ही जागाच तशी आहे. समोर एखाद्याचा चेहरा आठ-दहा पट मोठा होऊन उभा राहिला की गप्प बसणं अवघड होतं.

या सगळ्यात फोटो सर्वांत शेवटी बघतो तो भाऊ. एका अर्थी हे न्याय्यच आहे, कारण फोटो काढणाऱ्याला तो क्षण कधी दिसतच नाही. आरशाच्या कॅमेऱ्यात भिंगातून येणारं दृश्य आरशावरून वळून डोळ्यापर्यंत पोचतं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, उजेड मागच्या सेन्सरवर पडतो आणि तेवढ्या पळात बघणाऱ्याच्या डोळ्यापुढं अंधार. म्हणजे ज्या घटकेचा फोटो निघाला, नेमकी तीच घटका त्याच्या नजरेतून निसटलेली. खोलीतल्या बाकीच्यांनी ती उघड्या डोळ्यांनी पाहिली, त्यानं नाही. आपल्या हाताला काय लागलं, हे त्याला नंतर कळणार.

हे 'नंतर' पूर्वी फार लांब होतं. छत्तीस फोटोंचा रोल, तो संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही, आणि संपवायला तर गावात लग्न निघालं पाहिजे. मुंबईच्या जाहिरातीच्या स्टुडिओंमध्ये मोठ्या कॅमेऱ्याच्या पाठीला पोलरॉइडची पाठ लावून आधी एक झटपट प्रत काढायचे, तिच्यावर उजेड, सावली, साडीची निरी तपासायचे आणि मग खरी फिल्म चढवायचे. आमच्याकडं असली चैन नव्हती. आमच्याकडं डोळे मिटलेला नवरदेव महिन्याभरानं कळायचा, आणि तोवर तो नवरीसकट जेजुरीला जाऊन आलेला असायचा. अल्बममध्ये तो फोटो लागायचाच, कारण तेवढाच होता. आमच्या घरच्या अल्बममध्ये थोरल्या काकांचे डोळे एकाही चांगल्या फोटोत उघडे नाहीत, आणि आम्हा पोरांना काका आठवतात तेही तसेच, उन्हाकडं तोंड करून डोळे मिचकावत उभे.

ते लांबचं 'नंतर' मिटवणारी वायर आणि तिच्यामागचा प्रोग्रॅम दोन्ही कॅमेऱ्याच्या खोक्यातूनच आले होते. कॅनन असेल तर त्या प्रोग्रॅमचं नाव ईओएस युटिलिटी. पूर्वी त्याची सीडी यायची, आणि आहेरात आलेल्या टॉवेल-टोपीसारखी ती न उलगडता कपाटात जायची. आता कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा लागतो आणि तिथं कॅमेऱ्याचा अनुक्रमांक विचारतात. निकॉनवाल्यांना बरीच वर्षं कॅमेरा कंट्रोल प्रो विकत घ्यावा लागे. २०२१ साली एनएक्स टेदर मोफत आला. सोनीचा इमेजिंग एज आहे, फुजीचा एक्स अ‍ॅक्वायर. फॅशनवाले, जाहिरातवाले या कुणाकडं वळून बघत नाहीत, त्यांचे कॅप्चर वनसारखे महागडे प्रोग्रॅम निराळे. कंपनीचे प्रोग्रॅम दिसायला तसे रुक्षच असतात. राखाडी चौकटी, बारीक अक्षरं, कारकुनी शिस्त. पण आमच्यासारख्या गावातला स्टुडिओ खोक्यात जे आलं त्यावरच चालतो, आणि मला त्या रुक्षपणाबद्दल थोडी मायाच आहे. विकायला काही नसलेल्या वस्तूला नटावं लागत नाही.

वायर जोडली, कॅमेरा चालू केला की संगणकाच्या पडद्यावर एक लहानशी खिडकी उघडते. कार्डावरचे फोटो उतरवायचे, की इथूनच कॅमेरा चालवायचा, एवढंच विचारते. दुसरं निवडलं की कॅमेऱ्याच्या अंगावरची सगळी बटणं जणू टेबलावर येऊन बसतात. शटरचा वेग, भिंगाचं तोंड, आयएसओ, सगळं माऊसच्या टिचकीवर. लाइव्ह व्ह्यू लावला तर भिंगाला दिसणारं दृश्य पडद्यावर हलतं-बोलतं होतं, आणि फोकस पुढं-मागं सरकवायला बाणांच्या लहान-मोठ्या खुणा असतात. फोटो फक्त संगणकात ठेवायचा की कॅमेऱ्याच्या कार्डावरही, हेही तो विचारतो. भाऊ दोन्हीकडं ठेवतो. दुकानात लहान पोरं फार येतात आणि वायरीला पाय लागायला वेळ लागत नाही. परदेशात या कामाच्या वायरी भडक नारिंगी मिळतात, लांबूनही दिसाव्यात म्हणून. लांबीलाही मर्यादा आहे. साधी यूएसबी वायर पाच मीटरपर्यंत भरवशाची, त्यापुढं मध्ये बळ देणारा जोड लागतो. भावाच्या खोलीत पाच मीटरची गरजच पडत नाही. उरलेली वायर टेबलाखाली वेटोळं करून पडलेली असते.

वेळापुरात राहून अर्धा कॅमेरा, अर्धा संगणक अशा जोडीला अर्धनारीनटेश्वराची उपमा सुचली नाही तरच नवल. पण ती मी देणार नाही. इथल्या अर्धनारीनटेश्वराच्या देवळातली शिव-पार्वतीची जोडी बघितलेल्या माणसाला असल्या उपमा देण्याचं धाडस होत नाही.

खरं तर वायर काही नवी नाही. डिजिटल कॅमेऱ्याला फोटो दाखवायला जन्मापासूनच दुसरं यंत्र लागायचं. १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरनं जो पहिला कॅमेरा जुळवला, तो एक काळा-पांढरा फोटो कॅसेटच्या फितीवर उतरवायला तेवीस सेकंद घ्यायचा, आणि बघायचा तर ती फीत दुसऱ्या यंत्रात घालून टीव्हीवर. पुढं १९९१ मध्ये कोडॅकनं बाजारात आणलेला डीसीएस म्हणजे निकॉन एफ-३ चं धूड, त्याला वायर, आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला खांद्यावर अडकवायची जड पेटी. पेटीत दोनशे मेगाबाइटची डिस्क आणि काढलेला फोटो बघायला एक छोटा पडदा. बातमीदार छायाचित्रकार ती पेटी वागवत हिंडायचे. नंतर पेटी कॅमेऱ्याच्या पोटात गेली, वायर सुटली, आणि आम्ही समजलो की ही प्रगती. स्टुडिओवाल्यांनी मात्र सुटलेली वायर पुन्हा आपण होऊन बांधून घेतली.

का बांधून घेतली याचं साधं उत्तर मोठा पडदा. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या तीन इंचांत सगळेच फोटो देखणे दिसतात. पडद्यावर नाकाची सावली, चष्म्यावरची चमक, सुटलेला फोकस लपत नाही. पण मला त्या बाकावर बसून वाटत आलंय, की वायरीमुळं दुसरंच काही घडलं. फोटो काढणं हे एकट्याचं काम होतं. काळ्या कापडाखाली, एका डोळ्यानं, श्वास रोखून करायचं. दाखवायचा तो नंतर, आणि निवडून. वायरीनं ते चारचौघांत आणलं. आता फोटो होत असतानाच बघितला जातो, आणि बघणारे बघ्यांसारखे गप्प बसत नाहीत, हात घालतात.

त्याचा त्रासही होतो. सुरुवातीला पडद्याचं तोंड स्टुलाकडं होतं. मग बसलेला माणूस भिंगाकडं बघेचना. नजर सारखी तिरपी, स्वतःकडं. कागदपत्रांना चालतील असे सरळ बघणारे फोटो मिळेनात. भावानं टेबल फिरवलं, तेव्हा बाकावरच्यांना सगळं दिसायला लागलं आणि ज्याचा फोटो त्यालाच दिसेनासं झालं. स्थळाला पाठवायच्या फोटोसाठी आलेली एखादी मुलगी स्टुलावर बसते, आणि आई, मावशी, धाकटा भाऊ तिच्या चेहऱ्याबद्दल तिच्यासमोरच बोलतात, ती तिथं नसल्यासारखं. "हसू नको जास्त, दात दिसत्यात." ते ऐकून तिच्या तोंडावर जे उमटतं ते पुढच्या टिचकीला पडद्यावर येतं, आणि त्यावरही बोलणं होतं. अशा वेळी भाऊ काहीतरी निमित्त काढून लाइव्ह व्ह्यू बंद करतो. "गरम झालाय कॅमेरा, जरा दम खाऊ दे." सगळ्यांना बाहेर चहाला धाडतो. मग आतून फट्कन, फट्कन दोन-तीनदाच आवाज येतो, आणि तेच फोटो चांगले निघतात.

पण एकदा एका म्हाताऱ्या बाईंसाठी त्यानं उलटं केलं. श्रावणबाळ योजनेच्या कागदांसाठी फोटो हवा होता, बरोबर कुणी नव्हतं, आणि मला आधी माझं मला बघू दे असा त्यांचा हट्ट. भावानं पडदा त्यांच्याकडं वळवला. त्या कुंकू सारखं करायला गेल्या तर बोट भलतीकडंच जायला लागलं. आयुष्यभर आरशात बघितलेला चेहरा डावा-उजवा उलटा असतो, आणि भिंग तो सुलटा दाखवतं, समोरच्या माणसाला दिसतो तसा. बोट इकडं नेलं की पडद्यावरचं बोट तिकडं. दोन-चारदा चुकल्यावर त्या थांबल्या आणि बराच वेळ नुसत्याच बघत राहिल्या.

"लोक मला असं बघत्यात व्हय?" त्या म्हणाल्या.

"व्हय आज्जी. असंच."

"बरीच हाय की मग."

फोटो चांगला आला. त्यांनी जादाच्या प्रती मागितल्या, कागदांना लागत होत्या त्यापेक्षा जास्त.

वेळापूरचं नाव बाहेरच्यांना माहीत असतं ते पालखीमुळं. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी माळशिरसचा मुक्काम हलवून खुडूसचं गोल रिंगण करून संध्याकाळी आमच्याकडं येते. येताना टेकडीच्या उतारावर धावा होतो. तुकोबांना या टेकडीवरून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी आख्यायिका. म्हणून इथं सगळी वारी धावते, वृद्धसुद्धा, डोक्यावरच्या तुळशीसकट. तिथं वायरीचं काही काम नाही. धावत्या वारीला कुठल्या टेबलाला बांधणार? पण फोटो पोचवायची कटकट तिथंही आहेच, आणि ती जुनी आहे. वृत्तपत्रांना गावोगावचे बातमीदार पाकिटं पाठवत ती एसटीनं. रोल किंवा फोटो पाकिटात, पाकीट कंडक्टरच्या हातात, आणि तिकडं स्टँडवर कचेरीचा माणूस वाट बघत उभा. जगात तारेवरून फोटो धाडायची असोसिएटेड प्रेसची यंत्रणा १९३५ च्या पहिल्या तारखेलाच सुरू झाली होती, पण गावाकडचा फोटो लाल डब्यातूनच जायचा, आणि गाडी चुकली की बातमी बिनफोटोची.

आता कॅमेऱ्यातच वायफाय आलंय. कॅननचं कॅमेरा कनेक्ट, निकॉनचं स्नॅपब्रिज, असली अ‍ॅप फोनवर टाकली की फोटो कॅमेऱ्यातून उडी मारून फोनमध्ये येतो. येतो, आणि तिथंच बसतो. पालखीच्या दिवशी लाखांवर माणूस गावात, प्रत्येकाच्या हातात फोन. टॉवर एकच काय, चार असले तरी कोलमडणार. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहतं. एका वर्षी पुण्याहून आलेला एक तरुण बातमीदार रात्री दुकानात येऊन बसला होता, गर्दी निवळून नेटवर्क येईल म्हणून. भावानं त्याला चहा दिला आणि कुठल्या गाड्या पुण्याला जातात ते सांगितलं. तो हसला, त्याला ती थट्टा वाटली. भाऊ मात्र अर्धा गंभीर होता.

गेल्या हिवाळ्यात भावाची वायर प्रथमच दुकानाबाहेर पडली. आमच्या गावात यादव राजा रामचंद्रदेव याच्या काळातले मराठी शिलालेख आहेत. म्हणजे सातशे वर्षांचे, ज्ञानेश्वरीच्या पाठोपाठचे. शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या गुरुजींना त्यांचं वेड. हातात कायम शं. गो. तुळपुळ्यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या १९६३ च्या ग्रंथाची झेरॉक्स, कडा खाल्लेली. अभ्यासक पूर्वी लेखाचा ठसा घेत. ओला कागद दगडावर चढवायचा, ब्रशनं ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा, मग वरून शाईचा बोळा फिरवायचा. खोल अक्षर पांढरं राहतं, बाकी काळं. गुरुजींना कुठून तरी कळलं होतं की आता कागद न लावता, दगडाला हातही न लावता तसं करता येतं. ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ही युक्ती मांडली. कॅमेरा एका जागी घट्ट रोवायचा, अजिबात हलू द्यायचा नाही, आणि उजेडच तेवढा फिरवायचा. कधी उजवीकडून, कधी डोक्यावरून, कधी जमिनीलगत तिरपा, असे चाळीस-पन्नास फोटो. मग संगणक त्यांची अशी जुळणी करतो, की पडद्यावर माऊस फिरवला की दगडावरचा उजेड फिरतो.

कॅमेरा हलू द्यायचा नाही म्हणजे बटणालाही बोट लावायचं नाही. म्हणून वायर. परवानगी वगैरे गुरुजींनी आधीच घेऊन ठेवली होती. उन्हं उतरल्यावर आम्ही देवळाकडं गेलो. लॅपटॉपवर अजून दिवसाचा उजेड पडत होता, काही दिसेना, तेव्हा गुरुजींनी खांद्यावरचा पंचा डोक्यावरून पुढं लॅपटॉपवर ओढला आणि आत तोंड घालून बसले, जुन्या काळच्या फोटोवाल्यासारखे. फ्लॅश दर वेळी दगडापासून सारख्याच अंतरावर हवा, त्यासाठी त्याला एक दोरी बांधली होती, दगडाच्या तिरक्या मापाच्या तिप्पट-चौपट लांब. गावातलं एक पोर दोरीचं टोक अक्षरांच्या मध्यावर नेऊन धरी, भाऊ दुसऱ्या टोकाचा फ्लॅश ताणून रोखी, मग पोर दोरी सोडून बाजूला होई आणि मी माऊस दाबी. फोटो काढणारा असा कुणीच नव्हता. दगडाशेजारी एक काळा चकचकीत गोळा ठेवावा लागतो; त्याच्यावर पडलेल्या चमकेवरून उजेड कुठून आला हे संगणक ओळखतो. दर्शनाला आलेल्या एका आजींनी तो पाहिला, चपला काढल्या आणि हात जोडले. "शाळिग्राम हाय का?" गुरुजी पंच्याआडून "हो" म्हणाले. समजावत बसायला उजेड नव्हता.

फोटो एकामागून एक पडद्यावर येत होते. प्रोग्रॅमनं सवयीप्रमाणं त्या दिवसाच्या तारखेचं फोल्डर केलं, साल, महिना, दिवस अशा ओळीनं, आणि एकेक क्रमांक देत भरायला लागला. समोरून उजेड टाकलेले फोटो बघून मी निराश झालो. नुसता करडा दगड, देवीचे व्रण असलेल्या गालासारखा. मग भाऊ गुडघ्यावर बसला आणि फ्लॅश पार जमिनीशी नेला. पडद्यावर एकदम ओळी उभ्या राहिल्या. प्रत्येक अक्षराला सावली, प्रत्येक सावलीला धार. गुरुजी पंच्यातून बाहेर आले, पुन्हा आत गेले. "थांब. आता दुसरीकडनं टाक." दुसरीकडून टाकला तर त्यातली काही अक्षरं बुजली आणि निराळी वर आली. एका अक्षरापुढची उभी रेघ तर डाव्या उजेडात स्पष्ट काना दिसायची, आणि उजव्या उजेडात कान्याचा पत्ताच नाही, दगडाचा नुसता उडालेला टवका.

"काना आहे," गुरुजी म्हणाले.

"टवका आहे," भाऊ म्हणाला. तो रोज माणसांच्या गालांवरचे डाग पुसतो, त्याची नजर तयार आहे.

दोरी धरणारं पोर मध्ये डोकं घालून म्हणालं, की आधी काना काढला असंल आणि मग त्यावरच टवका उडाला असंल. गुरुजींनी त्याच्याकडं वळून पाहिलं, झेरॉक्स उघडली, ती ओळ शोधली, चष्मा वर सारून पडद्याला नाक लावलं. लॅपटॉपची बॅटरी उतरत आली होती, आरतीची वेळ होत होती, भाऊ वायर गुंडाळायला लागला होता.

"सगळे फोटो पेनड्राइव्हवर दे मला," गुरुजी म्हणाले. "आणि ही तारखेची नावं काढून टाक. तारीख मला माहीत आहे. कुठल्या बाजूचा उजेड ते लिही."

रात्री दुकानात शटर अर्धं ओढून भाऊ नावं बदलत बसला. उगवत वर, उगवत खाली, मावळत वर, मावळत खाली. मी बाकावर. मध्येच त्यानं विचारलं, "डोक्यावरनं टाकलेल्याला काय लिहू?"